टायर आणि फळ्या अंगणात कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप असे: पाळणाघराच्या अंगणात जुने टायर, फळ्या आणि दोर ठेवणं म्हणजे भंगार साठवणं, त्याने शाळकरी मुलांना लागेल, आणि झोका-घसरगुंडी असताना या पसाऱ्याची गरज काय? दोरांबद्दलची तुमची काळजी रास्त आहे, मूळ लेखात ती बाजू राहून गेली. बाकीचं मात्र पटत नाही.

घसरगुंडी चार वर्षांच्या मुलाला पुरते. आठ वर्षांचं मूल दहा मिनिटांत कंटाळतं, मग उलटं चढतं, कठड्यावरून उडी मारतं. आपण त्याला मस्ती म्हणतो, पण ते आपल्या अंगात आलेल्या ताकदीला पुरेल अशी अडचण शोधत असतं. फळ्या आणि टायर दिले की ती अडचण ते स्वतः रचतं. आणि भंगार म्हणाल, तर १९४३ साली कोपनहेगनच्या एम्ड्रुप भागात सुरू झालेल्या अशा मैदानाच्या डॅनिश नावाचा अर्थच ‘भंगाराचं मैदान’ होता.

आता लागण्याबद्दल. खेळाच्या साधनांवर गंभीर दुखापत होते ती मुख्यतः पडल्याने, म्हणून पाहायचं ते उंची आणि खालची जमीन. आडव्या टायरवरची फळी जमिनीपासून वीतभर वर असते. घसरगुंडीचा माथा दीड-दोन मीटरवर, आणि खाली बहुधा फरशी किंवा तुडवून घट्ट झालेली माती. हिरवळही पुरत नाही. तिथे लाकडाच्या भुग्याचा नव्हे, तर चिपांचा निदान २३ सेंमी थर हवा, चारही बाजूंना १.८ मीटरपर्यंत. झोक्याखाली आणि घसरगुंडीच्या पायथ्याशी पायांनी चिपा उडून खड्डा पडतो, म्हणून तेवढी जागा रोज फावड्याने सारखी करावी लागते.

फळी दोन मीटर लांब, २० सेंमी रुंद, ४ सेंमी जाड. कडा घासून गोल केलेल्या, खिळा एकही नको. दोन्ही टोकांपासून साधारण १५ सेंमी आत, खालच्या बाजूला आडवी पट्टी स्क्रूने बसवा. ती टायरच्या पोकळीत अडकते आणि फळी सरकत नाही. टोक टायरच्या बाहेर लांब ठेवू नका. मूल नेमका त्यावर पाय देतं आणि दुसरं टोक उसळतं.

टायरच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींना १२ मिमीची पाच-सहा छिद्रं पाडा. एकाच बाजूला पाडली तर टायर पालथा पडला की पाणी साचतं आणि डास होतात. तार उघडी पडलेला टायर सरळ टाकून द्या.

दोरांचं मात्र तुम्ही म्हणता तसंच. चढायच्या साधनाला बांधलेला सुटा दोर गळ्यात अडकू शकतो. म्हणून दोर फक्त उड्या मारायला, तोही मोकळ्या सपाट जागेत, आणि खेळ संपला की मोजून आत. मधोमध उभं राहिल्यावर दोराच्या मुठी काखेपर्यंत आल्या की लांबी बरोबर. दोघांनी फिरवायचा असेल तर चार-पाच मीटर. चढण्याआधी गळ्यातली ओढणी, टोपीच्या नाड्या आणि सायकलचं हेल्मेटसुद्धा काढायला लावा. ९ ते २३ सेंमीच्या फटीतून मुलाचं अंग जातं, डोकं अडकतं, आणि हेल्मेट असलं तर धोका आणखी वाढतो.

लहानांचं काय, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. एकच मोठं माणूस असेल तर फळ्यांचा खेळ लहान मुलं झोपलेली असतानाही नको, कारण मग आत लक्ष राहत नाही. लहानांना वाळूच्या हौदात बसवा, आणि हौद व फळ्या दोन्ही एका नजरेत येतील अशी जागा स्वतःसाठी धरा.

सहा मुलांना सहा टायर आणि चार फळ्या पुरतात. पहिल्या आठवड्यात दोनच फळ्या बाहेर काढा. फळी दोघांनी मिळून कशी उचलायची आणि ठेवताना बोटं कुठे धरायची, हे आधी हाताला बसू द्या.