शाकुहाचीवादक संन्यासी नसतो

'जपानमध्ये शाकुहाची ही बासरी शिकायला गेलेल्या शिष्याला गुरू तीन वर्षं एकच सूर फुंकायला लावतो. स्वरलिपी नाही, मैफल नाही, पैसा नाही; ती केवळ भिक्षूंची ध्यानसाधना.' असा मजकूर सध्या मोबाइलवर फिरतो आहे. पाठवणारे श्रद्धेनंच पाठवतात. पण त्यात वादकाची मेहनत पुसली जाते, याचं मला वाईट वाटतं.

आधी ती तीन वर्षं. जपानीत म्हण आहे: मान हलवायला तीन वर्षं, 'कोरो' साधायला आठ. मान हलवून सुराला कंप द्यायचा असतो. कोरो म्हणजे खालच्या दोन छिद्रांवर बोटांची आळीपाळीनं उघडझाप. म्हणजे म्हण तंत्राविषयी आहे, आणि एवढी वर्षं लागतात त्याला कारण आहे. सुमारे 54.5 सेंटिमीटरच्या या बांबूला पुढे चार आणि मागे एक, अशी पाचच छिद्रं. बाकीचे स्वर छिद्र अर्धवट झाकून आणि हनुवटी खाली घेऊन काढायचे. हनुवटी झुकली की सूर उतरतो, पण नादही क्षीण होतो. तो क्षीण होऊनही सुरात राहावा, यासाठी वर्षानुवर्षं रियाज लागतो. त्याच काळात शिष्य रचनाही शिकत असतो.

स्वरलिपी तर आहेच. किन्को घराण्यात रो, त्सु, रे, ची, री अशी अक्षरं उभ्या ओळीत लिहितात. गुरू-शिष्य समोरासमोर बसून ती एकत्र वाजवतात.

भिक्षूंचा भाग अर्धा खरा. होन्क्योकु हा मूळ रचनासंग्रह फुके या झेन बौद्ध पंथाच्या भिक्षूंकडून आला, आणि त्यांच्यासाठी ते ध्यानच होतं. पण मेजी सरकारनं 1871 मध्ये हा पंथच रद्द केला. वाद्य टिकलं ते गृहस्थ वादकांमुळे: कोतो आणि शामिसेन या तंतुवाद्यांच्या साथीनं. नाकाओ तोझान यांनी 1896 मध्ये ओसाकात नवं घराणं काढलं. तिथे परीक्षा देऊन पदव्या मिळतात.

मैफल नाही, हे तर साफ चूक. 1967 मध्ये योकोयामा कात्सुया यांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसोबत तोरू ताकेमित्सु यांची रचना वाजवली. यामागुची गोरो यांचं वादन 1977 मध्ये अंतराळात धाडलेल्या व्हॉयेजर यानांवरील सुवर्ण तबकडीत गेलं. 1992 मध्ये सरकारनं त्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला. तोक्यो कला विद्यापीठात ते शिकवतही होते. शिकवणी हाच आजही कित्येक वादकांच्या संसाराचा मुख्य आधार आहे.