अकरा किलोवॅटचा आग्रह

गेले तीन आठवडे मी विजेवरच्या गाडीच्या घरच्या चार्जरसाठी वणवण करतो आहे आणि या काळात एकाही विक्रेत्याने मला "तुमची गाडी रोज किती चालते?" एवढा साधा प्रश्न विचारलेला नाही. कोथरूड ते हिंजवडी आणि परत, म्हणजे जेमतेम चाळीस किलोमीटर. एवढ्या धावेला सहा-सात युनिट वीज लागते आणि १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवरही ती दोन-अडीच तासांत भरून निघते. हा हिशेब शेवटी मलाच मांडावा लागला, कारण शोरूममधल्या गृहस्थांचे घोडे "११ किलोवॅटचाच घ्या सर, पुढच्या गाडीलाही होईल" इथेच पेंड खात होते.

या ११ किलोवॅटची मेख अशी की तो चार्जर थ्री-फेज असतो, म्हणजे वीज तीन वेगळ्या तारांतून (फेजमधून) घेतो, आणि दर फेजला १६ अँपिअरच देतो. माझ्या गाडीतला ऑनबोर्ड चार्जर, म्हणजे आलेली वीज बॅटरीत भरणारा गाडीतलाच भाग, ७.२ किलोवॅटचा, पण सिंगल-फेज आहे. तो त्यातला एकच फेज घेणार आणि माझ्या पदरात साडेतीन किलोवॅटच्या आसपास पडणार. म्हणजे जादा पैसे मोजून, थ्री-फेज जोडणीचा उपद्व्याप करून, वेग मात्र जवळपास सॉकेटचाच! हे मी दाखवून दिले तेव्हा "कंपनीला विचारून सांगतो" असे उत्तर मिळाले. ते विचारणे अजून चालूच असावे.

बरे, ७.२ चा घ्यावा तर माझा मंजूर वीजभार ५ किलोवॅट, तो वाढवणे आले. मीटर रूम ए विंगमध्ये आणि माझे पार्किंग सी विंगच्या तळघरात, तेव्हा तासन्‌तास ३२ अँपिअर सोसणारी जाड तांब्याची केबल एवढ्या अंतरावर ओढायची. 'मोफत इन्स्टॉलेशन' या शब्दांत तिचे फक्त पहिले काही मीटर बसतात, हे कोटेशनच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेले असते. अर्थिंग नीट नसेल तर गाडी चार्जिंग सुरूच करत नाही, तरी त्याबद्दल तीनही कोटेशनांत चकार शब्द नाही. मोबाइल ॲपचे कौतुक मात्र अर्धे पान. सोसायटीच्या चेअरमनसाहेबांचे म्हणणे वेगळेच, "एकाला परवानगी दिली की सगळेच मागतील." मागतीलच, गाड्या घेतल्या आहेत ना त्यांनी!

काल तिसऱ्या विक्रेत्याचा फोन आला. चार्जर पांढरा हवा की काळा, एवढेच त्यांना विचारायचे होते.