‘बिघडलेलं इंग्रजी’ म्हणणाऱ्या काकांना

सप्रेम नमस्कार काका,

नातवाचा उल्लेख केलात म्हणून काका म्हणतेय. स्कॉटलंडच्या बोलण्यातल्या शब्दांवर मी लिहिलेलं तुम्हाला खटकलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: स्कॉट्स ही भाषाच नाही, ते बिघडलेलं इंग्रजी आहे, शिकलेली माणसं तसं बोलत नाहीत, आणि ग्लासगोच्या शाळेत जाणारा तुमचा नातू ‘ॲमन्ट आय’ म्हणायला लागलाय, अशा बोलण्याचं कौतुक करून मी मुलांचं नुकसान करतेय. यातलं काहीच मला पटत नाही. का, ते सांगते.

आधी नातवाचंच बघू. ‘आय ॲम’ असं आपण सगळेच म्हणतो. मग नकारार्थी प्रश्नात प्रमाण इंग्रजी ‘आरन्ट आय’ का म्हणतं? ‘आय आर’ तर कोणीच म्हणत नाही. ‘ॲम’चं ‘ॲमन्ट’ करणारा तुमचा नातू नियमाला धरून बोलतोय. स्कॉटलंडमध्ये आणि आयर्लंडमध्ये हे रूप सर्रास चालतं, शिकलेल्यांतही.

आता याहून बारीक गोष्ट, आणि ही तर मराठी माणसाला लगेच उमजेल, कारण ती ऱ्हस्व-दीर्घाची आहे. ‘गरज’ या अर्थाचा ‘नीड’ आणि ‘गुडघ्याने मारलं’ या अर्थाचा ‘नीड’ लंडनचा माणूस सारखेच उच्चारतो. स्कॉटिश माणूस पहिला ऱ्हस्व म्हणतो, दुसरा दीर्घ. कारण गुडघा म्हणजे ‘नी’. शब्दाच्या शेवटी स्वर लांबतो, आणि पुढे भूतकाळाचा ‘ड’ लागला तरी तो लांबच राहतो. र, व्ह, झ यांच्याआधीही तसंच. भाषाशास्त्रात याला एटकेनचा नियम म्हणतात. शाळेत हा कोणी शिकवत नाही, तरी पोरंसोरं बिनचूक पाळतात. नुसतं बिघडलेलं बोलणं इतकं शिस्तशीर असतं का?

मुळात बिघडायला आधी प्रमाण इंग्रजी असायला हवी होती. स्कॉट्स निघाली ती जुन्या इंग्रजीच्या उत्तरेकडच्या, नॉर्दम्ब्रियन बोलीतून. आजची प्रमाण इंग्रजी घडली लंडनच्या आसपासच्या बोलींतून. पंधराव्या शतकात स्कॉटलंडच्या संसदेचे कायदे स्कॉट्समध्ये लिहिले जात. १५१३ मध्ये गॅव्हिन डग्लस या कवीने रोमन कवी व्हर्जिलचं अख्खं ‘ईनिड’ हे महाकाव्य लॅटिनमधून स्कॉट्समध्ये आणलं. मग पारडं फिरलं. धर्मसुधारणेनंतर बायबल आलं ते इंग्रजीतलं, १६०३ मध्ये राजा दरबारासकट लंडनला गेला, १७०७ मध्ये संसदही गेली. १७५२ पर्यंत डेव्हिड ह्यूमसारखा तत्त्वज्ञ टाळायच्या स्कॉटिश शब्दप्रयोगांची यादी छापत होता. ‘शिकलेली माणसं तसं बोलत नाहीत’ हे तुमचं वाक्य तिथून येतं, काका. ते आधी शिकलेल्यांना शिकवलं गेलं.

पुढे १८७२ च्या कायद्याने शाळा सक्तीची झाली, आणि घरची भाषा वर्गात बोललं म्हणून पोरांच्या तळहातांवर चामड्याचा पट्टा बसू लागला. मी ॲबरडीनमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. सत्तरी-ऐंशीतले पेशंट हे अजून सांगतात. मध्यंतरी एका आजोबांकडून खांद्याचा व्यायाम करून घेत होते. मला कळावं म्हणून ते जपून जपून ‘आर्मपिट’ म्हणत होते. हात जरा जास्त वर नेला, कळ आली आणि तोंडून निघालं, “मा ऑक्स्टर!” मी विचारलं, “ऑक्स्टरमध्येच दुखतंय की मागे पाठीकडे?” त्यानंतर ते मोकळे झाले. दुखणं कधीपासून आहे, कुठल्या कुशीवर झोपलं की वाढतं, सगळं सांगत सुटले. काखेला तिथे काय म्हणतात हे मला ठाऊक नसतं, तर निम्मी माहिती राहून गेली असती. म्हणून मी हे शब्द गोळा करते, आणि इकडे कामाला येणाऱ्या आपल्या नर्स-डॉक्टर मुलामुलींसाठी लिहिते. ‘फिट लाइक?’ म्हणजे तब्येतीची चौकशी नसून नुसतं ‘कसं काय?’ आहे, एवढं माहीत असलं तरी पहिला आठवडा सोपा जातो.

आणि शिकलेली माणसं खरंच बोलत नाहीत का? विद्यापीठाचं, कौन्सिलचं कुठलंही पत्र उघडा. ‘च्या बाहेर’ या अर्थी ‘आउटविथ’ हमखास दिसेल. हा स्कॉटिश शब्द आहे हे लिहिणाऱ्यांतल्या अनेकांना ठाऊकही नसतं. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १५ लाख लोकांनी आपण स्कॉट्स बोलतो असं नोंदवलं. २०२५ च्या कायद्याने गेलिक या स्कॉटलंडच्या दुसऱ्या जुन्या भाषेबरोबर स्कॉट्सलाही अधिकृत दर्जा मिळाला.

एक मात्र मान्य. भाषा कुठे संपते आणि स्कॉटिश वळणाचं इंग्रजी कुठे सुरू होतं, यावर जाणकारांतही वाद आहेत. एकाच वाक्यात माणसं इकडून तिकडे जातात. तुमचा नातूही जात असणार: मैदानात ‘कॅने’, बाईंसमोर ‘कान्ट’. त्याचं इंग्रजी कुठे जात नाही. जानेवारीत स्कॉट्समध्ये लिहिणारा कवी रॉबर्ट बर्न्स याच्या जयंतीला शाळाच मुलांकडून स्कॉट्स कविता पाठ करून घेतात. त्याला म्हणायला सांगा, फोनवर ऐका.

स्कॉट्सचा मोठा शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहे. नातवाचा खटकणारा एखादा शब्द त्यात शोधा. कुठल्या साली, कुठल्या पुस्तकात आला ते उताऱ्यासकट दिसेल. नाहीच सापडला तर इथे लिहा. ग्लासगोची पोरं नवे शब्दही पाडत असतात, तेही मला हवे आहेत.