दूधगंगेवर शिकलात, मेकाँगवर चालवा

थायलंडच्या शाळेत इंग्रजी शिकवायला निघालेल्या बेळगावकराला सीमा ओलांडायला कोण शिकवणार? १९५६ पासून आपण सीमेवरच बसलोय. कोगनोळीला एसटी अडवली की उतरायचं, दूधगंगेचा पूल पायी ओलांडायचा आणि पलीकडे मिळेल त्या गाडीत बसायचं. शिनोळीत चहा पिऊन परत आलात तरी कुणी शिक्का विचारत नाही. तेव्हा तिकडे मुक्कामाची मुदत संपत आली तरी निवांत राहा. होतंय की!

मुळात दिवस मोजू नका. नव्वद दिवस म्हणजे तीन महिने, असं धरून चाला. उतरल्याचा दिवसही मोजतात आणि काही महिने एकतीसचे असतात, ही चिंता इमिग्रेशनवाल्यावर सोडा. तारीख बघायचीच झाली तर व्हिसावरची बघा, प्रवेशाच्या शिक्क्यावरची नको. व्हिसावरची असते देशात शिरण्याची शेवटची तारीख आणि शिक्क्यावरची निघण्याची, पण एवढं बारीक कोण बघतंय? चुकलात तर दंड दिवसाला ५०० बाट (थाई चलन), जास्तीत जास्त २०,०००. मुदत संपून नव्वद दिवसांच्या वर राहिलात तर स्वतःहून विमानतळावर गेलात तरी वर्षभर प्रवेशबंदी. तेवढ्यात खानापूरच्या घराची कौलं शाकारून होतील.

शिकवायला नॉन-इमिग्रंट बी व्हिसा लागतो. तो मिळाला की ९० दिवसांचा मुक्काम, त्यात शाळेने वर्क परमिट काढायचं, मग १,९०० बाट भरून वर्षाची मुदतवाढ. तुम्ही मात्र फिरायच्या व्हिसावरच फळ्यासमोर उभे राहा. ‘कागद होतायत, तोवर लाओसला एक चक्कर मारून या,’ असं शाळा म्हणाली की मान डोलवा. आपला सीमाखटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, मग परमिटची घाई कसली? परमिटशिवाय शिकवताना सापडलात तर दंड ५,००० ते ५०,००० बाट आणि देशाबाहेर रवानगी. काळजी नको, शाळेला दुसरा मास्तर मिळतो.

आता नव्या व्हिसासाठीची ती चक्कर. बँकॉकहून रात्रीची रेल्वे धरून सकाळी सीमेवरच्या नाँग खाय गावात. पुढे मेकाँग नदीवरचा मैत्री पूल, १९९४ चा. इथे दूधगंगेचा अनुभव थोडा कमी पडतो, कारण पायी जाऊ देत नाहीत, शटल बसमध्येच बसावं लागतं. थायलंडात गाड्या डावीकडून, लाओसात उजवीकडून. पलीकडच्या व्हिसासाठी फोटो आणि डॉलर लागतात. नोटा मुद्दाम चुरगळलेल्या, कोपरा फाटलेल्या न्या. पासपोर्टात कोरी पानंही ठेवू नका.

एप्रिलचा मध्य गाठलात तर उत्तमच. १३ ते १५ सोंगक्रान, म्हणजे पाणी उडवत साजरं होणारं थाई नववर्ष, त्याच सुमाराला लाओसचंही नवं वर्ष. दोन्ही काठांवर कचेऱ्यांना कुलूप, आणि तुम्ही फाईल छातीशी धरून ओलेचिंब.

आणि आधी जाऊन आलेल्या ज्येष्ठांचा सल्ला अवश्य घ्या. ते सांगतील, ‘लाओसच्या राजधानीत, व्हिएंटियानला, थाई वकिलातीच्या खिडकीवर सकाळी अर्ज टाकायचा, दुसऱ्या दिवशी दुपारी व्हिसा हातात.’ १ जानेवारी २०२५ पासून थायलंडच्या वकिलातींनी ई-व्हिसा सुरू केला, हे त्यांच्या कानावर गेलेलं नसतं. अर्ज ऑनलाइन, पण तो करताना तुम्ही लाओसात आहात याचा पुरावा द्यायचा. त्यामुळे एकाच रात्रीची खोली घ्या आणि परतीचं तिकीट आधीच काढून ठेवा. परत शिरताना लागणारं डिजिटल आगमन कार्ड, मे २०२५ पासूनचं, फुकट असतं. म्हणून ते पैसे मागणाऱ्या एखाद्या वेबसाइटवरच भरा.

कागदांत आपला हात कुणी धरणार नाही. पदवीवर बेळगाव, पासपोर्टवर बेळगावी, जन्मदाखला कन्नडमध्ये. इंग्रजी भाषांतर करून शिक्का मारून नेण्याचा भित्रेपणा करू नका. दोन वेगळी गावं का, असं विचारलं तर २०१४ च्या नामांतरापासून सुरुवात करून महाजन आयोगापर्यंत या. तोंडी, आणि मराठीतच.

एवढं करूनही वर्षाची मुदतवाढ मिळालीच, तर गणपतीला गावी या. निघताना री-एंट्री परमिट, म्हणजे परत शिरण्याची परवानगी, घेऊ नका. एका खेपेला १,००० बाट, अनेक खेपांना ३,८०० देण्यापेक्षा तेवढ्यात सगळ्या गल्लीला पुरेल एवढा कुंदा येतो. बाप्पाचं विसर्जन अनंत चतुर्दशीला होईल. मुदतवाढीचं मात्र बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर जाण्याचा शिक्का बसला तेव्हाच उरकलेलं असेल.