सूरह माऊन पाठ आहे, पुढं काय?

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हैस डोळ्यांदेखत पिळतात. तिथं पाणी घालायची सोयच नाही. पण जिथं कुणी बघत नाही तिथं काय? पोरांना ईमान, म्हणजे अल्लाहवरची श्रद्धा, शिकवायचं ते याच्यासाठी, असं माझं स्पष्ट मत आहे.

इस्लामचे दुसरे खलिफा हजरत उमर (रजि.) यांची कथा आपल्यात घरोघरी सांगतात. मदिनेत रात्रीची गस्त घालताना त्यांच्या कानावर पडलं, आई मुलीला दुधात पाणी मिसळायला सांगतेय. खलिफांनी मनाई केलीय, असं मुलगी म्हणाली. आई म्हणाली, उमर कुठं बघायला बसलेत? तर मुलगी म्हणते, उमरचा रब तर बघतोय! उमर (रजि.) यांनी तिला सून करून घेतली.

सूरह म्हणजे कुराणातला अध्याय. सूरह लुकमानमध्ये बाप मुलाला आधी तौहीद सांगतो, म्हणजे अल्लाह एकच आहे हे. मग सांगतो, मोहरीएवढं कर्म खडकात दडलं तरी अल्लाह ते समोर आणेल. त्यानंतर नमाज, सबर म्हणजे धीर, आणि लगेच रोजचं वागणं: लोकांपुढं तोंड फिरवू नकोस, ऐटीत चालू नकोस, आवाज खाली ठेव. ईमानातून निघून गल्लीतल्या वागण्यापर्यंत पोचायचं, असा हा रस्ता आहे.

आपण मध्येच थांबतो. आमच्या गल्लीतली एक पोरगी सूरह माऊन घडाघडा म्हणते, उच्चार एकदम साफ. अर्थ विचारला की गप्प. सातच आयती (वचनं), पण त्यात काय सांगितलंय बघा! दीन, म्हणजे धर्म, नाकारणारा कोण? तर अनाथाला हुसकावणारा, गरिबाला जेवू घाला असं कुणाला न सांगणारा. दिखाव्याची नमाज पढून शेजाऱ्याला साधी घरातली वस्तू नाकारणाऱ्यालाही त्यात ताकीद आहे. हे त्या पोरीला कोण सांगणार?

काहीजण नुसती जहन्नमची भीती घालतात. त्यानं पोर खोटं सोडत नाही, लपवायला शिकतं. अल्लाह रहमान, म्हणजे दयाळू आहे, हे आधी सांगा की!

देव न मानणारी सचोटीची माणसंही कोल्हापुरात आहेत, मी त्यांना मानतो. पण आपल्या घरात ईमान आहे, तर ते व्यवहारात दिसायला नको का?

शाहू महाराजांनी १९०६ साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढली, मुस्लिम बोर्डिंग उभं केलं, कुराण मराठीत यावं म्हणूनही खटपट केली. त्याच गावात आपण पोरांना अर्थाविना ठेवायचं? मौलवीसाहेबांना आणि आईबापांना माझी कळकळीची विनंती आहे. कुराणाचा सबक (धडा) झाला की दहा मिनिटं मराठीत अर्थ सांगा. सुरुवात माऊनपासूनच करा, ती पोरांना पाठ आहेच.