चौथं पान

माझ्याकडं अकरा स्केचबुकं आहेत आणि अकराच्या अकरांची तीनच पानं भरलेली आहेत. पहिलं कोरं पान यात धरलेलं नाही, ते मी सोडूनच देतो, कारण पहिल्या पानावर चित्र बिघडलं की अख्खी वही पनवती निघते असं आपलं माझं मत. त्यानंतर तीन दिवस मी जोरात असतो. चौथ्या दिवशी ऑफिसचं काहीतरी निघतं, मग पाहुणे येतात, मग अपराधी वाटतं, आणि अपराधी वाटलं की त्यावरचा इलाज म्हणून मी नवीन स्केचबुक ऑर्डर करतो. कपाटात बघितलं तर वाटेल पोरगं स्टेशनरीचं दुकान टाकायलंय.

धंदा माझा गेम आर्टिस्टचा. पुण्याच्या एका स्टुडिओचं काम परभणीत घरी बसून, माडीवरच्या खोलीतून करतो. जगात जर्मनी अन् भारतात परभणी असं आम्ही छातीठोकपणे म्हणतो पण या परभणीत गेम आर्टिस्ट म्हणजे काय हे समजावून सांगणं म्हणजे दिव्यच आहे. एका स्थळाकडच्या काकांनी सरळ विचारलं, "गेम म्हंजे रमी का?" नाही म्हणालो तरी त्यांच्या चेहऱ्यावरची रमी काही गेली नाही. 2025 च्या ऑगस्टमधे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा आला, त्या संध्याकाळी चार नातेवाइकांचे फोन आले, सांत्वनाचे. मी फळं जुळवायचा गेम करतो हो, टरबुजाला टरबूज लावलं की फुटतं, त्यात कोणाचे पैसे बुडत नाहीत, वेळ बुडतो फक्त. आई शेजारणीला सांगते, "दिवसभर कम्प्युटरवर खेळत बसतो, अन् त्याचे पैसे देतात म्हणे." ती हे तक्रार म्हणून सांगते का कौतुक म्हणून, मला आजवर कळलेलं नाही.

आता मी दिवसभर नेमकं काय काढतो? मागचं अख्खं वर्ष मी खजिन्याच्या पेट्या काढल्या. साधी लाकडाची पेटी, मग लोखंडी पट्ट्यांची, मग चांदीची, मग सोन्याची, आणि त्यानंतर क्लायंटला पाहिजे होती सोन्याहून थोडी जास्त सोन्याची. तिची सतरा व्हर्जन झाली. आठ-दहा तास हातात पेन, समोर टॅबलेट, आणि तिथून उठल्यावर इंटरनेटवरचा प्रत्येक मोठा आर्टिस्ट सांगतो की बाबा रे रोज स्वतःसाठी एक पान काढ, हात मोकळा राहतो. अरे, दिवसभर स्टँडवर भजे तळणाऱ्याला तुम्ही म्हणता का की घरी गेल्यावर हौस म्हणून एक घाणा तळ, कढईशी नातं टिकतं?

पण त्यांचं खरं आहे हेच तर दुखणं आहे. सतराव्या पेटीनंतर मला साधा तांब्या काढता येईना. खरोखरचा, समोर ठेवलेला, देवघरातला तांब्या. त्याची एक बाजू मडक्यासारखी आली आणि दुसरी बाजू पेटीसारखी.

शिवाय स्क्रीनवर काम करून हाताला भलत्या सवयी लागलेल्या. रेघ चुकली की डाव्या हाताची दोन बोटं मांडीवर आपोआप कंट्रोल झेड दाबतात, म्हणजे कम्प्युटरवर केलेलं रद्द करायच्या कळा. आजी शेजारी बसलेली होती एकदा, तिला वाटलं मला मुंग्या आल्यात, तिनं हात ओढून घेऊन त्याला तेल चोळून दिलं, मग तेलाचा हात पानाला लागला. दुसरी सवय फ्लिपची. स्क्रीनवर एक बटण दाबलं की चित्राची डावी-उजवी बाजू पालटते आणि चेहरा वाकडा झालेला असेल तर लगेच उघडा पडतो. वहीला असलं बटण नाही. म्हणून मी वही घेऊन न्हाणीतल्या आरशासमोर उभा राहतो आणि आरशात चित्र बघतो. आई दारातून म्हणाली, "सोताचं तोंड बघायला वही कामून लागायली तुला?"

खरं सांगायचं तर माझी सवय पूर्णपणे लाइटवर चालते. म्हणजे लाइट गेल्यावर. इन्व्हर्टरवर पंखा आणि वायफाय तेवढा धकतो, कम्प्युटर लावला की तो बिचारा कोकलतो, म्हणून लाइट गेली की मी स्केचबुक काढतो. उन्हाळ्यात त्यामुळे बरी प्रगती असते. पण उन्हाळ्यात परभणीचा पारा 44 च्या वर, मनगटाखाली रुमाल धरून काढावं लागतं, आणि नाकाच्या शेंड्यावरून थेंब पडला की शाईच्या चित्राचं आपोआप वॉटरकलर होतं. एक तसं पान लोकांना फार आवडलं होतं, "काय टेक्निक आहे" म्हणून विचारलं, मी म्हणालो वेट-ऑन-ड्राय, कोरड्यावर ओलं.

आता घरच्यांचं. घरच्यांच्या मते वही ही वस्तू हिशोबासाठी जन्माला येते आणि कोरं पान दिसलं की ते सत्कारणी लावायचं असतं. 150 जीएसएमचा जाड कागद, हातानं शिवलेली वही, तिच्यात मी बाबांच्या हाताचा एक स्टडी केला होता, चांगला जमला होता, शिरा-बिरा सगळ्या. दुसऱ्या दिवशी त्याच्या बाजूला बाबांनीच लिहिलेलं, "टाकी लावली 12 तारीख." कॅलेंडरवर जागा उरली नव्हती म्हणे. दुसऱ्या एका वहीत आईनं संक्रांतीच्या हळदी-कुंकवाची यादी केली, चौतीस बाया, त्यातल्या दोघींच्या नावापुढं काट मारलेली. त्याचं कारण विचारायचं नसतं.

मी फार चिडलो की मग अजिंठ्याच्या गिलसाहेबाची आठवण काढतो. मेजर रॉबर्ट गिल, मद्रास आर्मीतला माणूस, 1844 च्या सुमाराला त्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला पाठवलं. लेण्यांमधे अंधार, वटवाघळं, मधमाश्या, ताप, अन् हा माणूस वर्षानुवर्षं मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात नकला करून लंडनला धाडत बसला. 1866 मधे तिथल्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्याची बहुतेक चित्रं जळून गेली. मग मुंबईच्या जेजे कला शाळेचे ग्रिफिथ्स साहेब विद्यार्थी घेऊन आले, 1872 पासून वर्षानुवर्षं खपले, त्यांच्याही बऱ्याच नकला 1885 मधे लंडनच्याच आगीत गेल्या. मराठवाड्यात बसून चित्रं काढायची तर एवढं सोसायची तयारी पाहिजे. माझ्या पानावर गॅसची तारीख आली, आग तर नाही ना लागली.

तर बारावी वही. ही मी घेतली ती चौथ्या पानाच्या जिद्दीनंच. निमित्त असं झालं की नव्या गेममधे गाव आलं, गावात बैल आला, आणि आमच्या आर्ट लीडनं रेफरन्स म्हणून जो बैल पाठवला तो स्पेनचा होता. वशिंडच नाही. मी म्हणालो हा आपल्याकडं पोळ्यात उभा राहिला तर लोक त्याला पाणी पाजून वाटेला लावतील. तो म्हणाला मग तूच बघून काढ. जानेवारी होता, मामाच्या गावाला हुरडा चालू होता, गाव मानवतकडं. मी तीन पानं घरीच उरकली (तांब्या, चप्पल, परत तांब्या) आणि चौथ्या पानाला मामाच्या शेतात धुऱ्यावर जाऊन बसलो, गळ्यात पिशवी, मांडीवर वही. समोर एक बाभूळ होती तिच्यापासून सुरुवात केली.

दहा मिनिटांत एक मोटरसायकल थांबली, तिच्यावर तिघं.

"कोन्त्या खात्याचे, सायेब?"

"खात्याचा नाही, आर्टिस्ट आहे."

"आर्किटेक," मधला मागच्याला म्हणाला. "मंग शक्तिपीठाची मोजनी हे का? इकडून जायलाय का रोड?"

आमच्या भागात आधी समृद्धीच्या जालना-नांदेड फाट्याची मोजणी झालेली, वर शक्तिपीठ महामार्गाची धास्ती, म्हणजे धुऱ्यावर वही घेऊन बसलेला अनोळखी माणूस हा काही निष्पाप माणूस नसतोच. मी घाबरून वही उघडून दाखवली. बघा, नुसती बाभूळ आहे. तिघांनी बाभूळ नीट बघितली. चित्रातली आणि खरी. मग पुढचा एकदम मऊ आवाजात म्हणाला, "झाडाचा मोबदला येगळा भेटतो, न्हाई का?"

त्यानं पुढं जे सांगितलं त्याला नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. त्याच्या धुऱ्यावर चार लिंबं होती, एक आंबा होता, विहिरीजवळ एक जांभूळ. रोड यायला नको अशी त्याची पक्की मागणी होती, पण आलाच तर झाडं कागदावर असलेली बरी. मला गाडीवर चौथा बसवून नेलं. मी उभ्यानं झाडं काढली, तो शेजारी उभा राहून "ह्या फांदीला लई आंबे लागतेत" म्हणून फांद्या वाढवून घ्यायचा. चहा झाला, हुरडा झाला. चौथं पान भरलं, पाचवं भरलं, सहाव्याला जांभूळ. अकरा वह्यांत जे झालं नाही ते भूसंपादनाच्या भीतीनं दीड तासात झालं.

त्याच गोठ्यात बैल होता. आणि बैलाशेजारी बाजेवर त्या शेतकऱ्याचे वडील, ऐंशीच्या पुढचे, डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा. मी बैल काढला, गेमच्या हिशोबानं जरा दणकट, मान खाली, भुवया आवळलेल्या. बाबांनी वही मागितली, लांब धरली, जवळ धरली.

"ह्यो मारका हे का?"

"नाही बाबा, साधाच."

"मंग असा कामून बघायलाय? कामाचा बैल असा बघत नसतो." मग म्हणाले, "आन जात कोन्ती काढली ही? ह्यो आमचा लाल कंधारी हे. तू कान देवणीचे लावले, शिंगं कुठले लावले देवाला ठाव."

देवणी आणि लाल कंधारी, दोन्ही आपल्याच मराठवाड्यातल्या जाती, एक बहुतेक पांढरी-काळी आणि एक गडद लाल, हे मला माहीत होतं, वाचलेलं होतं. पण वाचणं वेगळं आणि बाजेवरच्या म्हाताऱ्यानं पेन मागणं वेगळं. "पेन आन इकडं," ते म्हणाले, आणि माझ्या पेननं, माझ्या शाईवर, माझ्या सातव्या पानावर त्यांनी दोन शिंगं ओढली. हात थरथरत होता. माझी डावी बोटं मांडीवर कंट्रोल झेड दाबत होती. पण शिंगं बरोबर आली, एका दमात, बुडाशी जाड आणि टोकाला हळूच आत वळलेली. पन्नास वर्षं तीच शिंगं रंगवलेला हात तो, पोळ्याला.

घरी येऊन मी तो बैल तसाच मॉडेल केला. थ्रीडी मॉडेल बारक्या त्रिकोणांचं बनतं, फोनवरच्या गेमला बैलाचं बजेट असल्या दीड हजार ट्रायँगलचं, त्यातले दोनशे मी एकट्या शिंगांवर घातले, डोळे शांत ठेवले, आणि पाठवून दिला. गुरुवारी फीडबॅक आला. शिंगं एक नंबर, वशिंड मस्त, फक्त क्लायंट म्हणतोय बैल जरा रागीट करा, नाकातून धूर वगैरे.

मी मामाला फोन लावला, म्हणालो त्या बाबांना एकदा विचारून बघा. अर्ध्या तासानं मामाचा फोन आला.

"इचारलं," मामा म्हणाला. "बाबा म्हनले, गिऱ्हाइकाला सांग, धूर निघायला म्हंजे त्याला ताप हे, डॉक्टर बोलव."