घट्ट होईपर्यंत म्हणजे नेमकं किती?

स्ट्रॉबेरी जॅमच्या कृतीवरच्या या लेखात ‘जॅम घट्ट होईपर्यंत आटवा’ एवढंच लिहिलंय. माझी पहिली स्ट्रॉबेरी याच वाक्यापायी वाया गेली. गरम जॅम भांड्यात पातळच दिसतो, आळतो तो गार झाल्यावर. मी आपली ढवळत बसले आणि दुसऱ्या दिवशी बरणीत खुपसलेला चमचा बाहेर येईना!

आता एक बशी आधीच फ्रीझरमध्ये ठेवते. भांडं आचेवरून उतरवून गार बशीवर थेंबभर जॅम टाकायचा आणि मिनिटभराने बोटाने हळूच ढकलायचा. वर सुरकुती पडली की झालं. ओघळला तर अजून दोन-तीन मिनिटं उकळवायचा. थर्मामीटर असेल तर साधारण १०४ ते १०५ अंश सेल्सिअस, पण उंचावर राहणाऱ्यांनी थोडं आधीच थांबावं, तिथे पाणीच कमी तापमानाला उकळतं.

लिंबाचा रस ‘ऐच्छिक’ म्हटलाय, ते मात्र पटलं नाही. स्ट्रॉबेरीत पेक्टिन (फळातला जॅम आळवणारा घटक) मुळात कमी, आणि आंबटपणा नसेल तर आहे तेही नीट धरत नाही. थोडी अर्धवट पिकलेली फळं घातली तरी फरक पडतो, कारण त्यांत पेक्टिन जास्त असतं.

साखर निम्मी करायला हरकत नाही, पण मग तो जॅम फ्रिजमध्येच ठेवा आणि लवकर संपवा. साखर फक्त गोडीसाठी नसते, ती पाणी धरून ठेवते म्हणून बुरशी लांब राहते.

आणि हो, फेस फार येत असेल तर नखाएवढं लोणी टाकून बघा.